आपल्या नोंदवहीचे कुलूप का बदलले?



गेल्या तिमाहीत आमच्या सदाशिव पेठेतील कार्यालयातून, नोंदी भरायला मदत करणाऱ्या आपल्यातील स्वयंसेवकांना फोन गेले : "तुमचा जुना पासवर्ड आता चालणार नाही, कृपया नवा तयार करा." त्यानंतरच्या रविवारी मंडळीतील एका मावशींनी मला थांबवून विचारले, "अरे, माझा पासवर्ड तुमच्याकडे आहेच ना? मग तोच नव्या कपाटात ठेवायचा. मला कशाला त्रास?" प्रश्न रास्त होता, पण उत्तर एका कप चहात मावणारे नव्हते. म्हणून हा लेख.

आधी या नोंदवहीत काय आहे ते सांगतो. वसतिगृहातील मुलामुलींची नावे, त्यांचा पाडा, पालकांचे फोन, जातीच्या दाखल्यांच्या प्रती आणि आरोग्य शिबिरातील सिकलसेल तपासणीचे निकाल. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आदिवासी भागात त्याचे प्रमाण जास्त आढळते, म्हणून केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. वाहक व्यक्ती सहसा निरोगीच असते. मात्र आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणूनच या निकालाची लग्नाच्या वेळी कुजबुज होते.

नंदुरबार जिल्ह्यातील एका शिबिरात एका आईने मुलीचा कागद हातात घट्ट धरून विचारले, "हे कोण कोण बघणार?" सोबतच्या ताईंनी मला ते मराठीत सांगितले. मला उत्तर देता आले नाही. त्या वेळी आम्ही सगळे मिळून एकच पासवर्ड वापरत होतो आणि तो माझ्याच टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला होता. काम सोडून गेलेल्यांनाही तो ठाऊक होता. ही चूक माझी होती. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही माहिती ठेवणाऱ्याने तिची योग्य काळजी घ्यावी असे सांगतो. पण मला हलवले ते त्या आईच्या प्रश्नाने.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येतो. त्यांचा पासवर्ड आमच्याकडे नाही, आणि नसावाच. जात्यावर ज्वारी दळली की पिठातून पुन्हा दाणे मिळत नाहीत. संगणकही पासवर्ड असाच दळतो आणि फक्त पीठ जपून ठेवतो. तुम्ही पुन्हा आलात की तुमचे दाणे पुन्हा दळले जातात. पीठ जुळले, तर दार उघडते.

आमची नोंदवही पोस्टग्रेस नावाच्या, मोफत मिळणाऱ्या डेटाबेसवर चालते. तिचे जुने जाते म्हणजे एमडी-५. हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे. २००४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की, दोन वेगळ्या मजकुरांचे अगदी एकसारखे पीठ त्यातून काढता येते. आमच्या दृष्टीने मात्र त्याचे दुसरे दोन दोष अधिक गंभीर होते. पहिला : हे जाते फार भरभर दळते. त्यामुळे चोराला पीठ मिळाले, तर तो लाखो अंदाज दळून पाहू शकतो. दुसरा : या जुन्या पद्धतीत दाराशी पीठच पुरते. ते ज्याच्या हाती लागले, त्याला मूळ पासवर्ड माहीत असण्याचीही गरज नाही.

नव्या पद्धतीला स्क्रॅम म्हणतात. २०१७ मध्ये पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीत ती आली आणि २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीपासून नवे पासवर्ड आपोआप तिच्यातच साठवले जाऊ लागले. यात प्रत्येकाच्या दाण्यात वेगळे, अंदाज न बांधता येणारे 'मीठ' मिसळले जाते. संगणकाचे लोकही त्याला मीठच म्हणतात. जुन्या पद्धतीत साठवताना मिठाच्या जागी वापरणाऱ्याचे नावच घालत, आणि ते तर सर्वांना ठाऊक. शिवाय नव्या पद्धतीत दळण एकदा नव्हे, ४०९६ वेळा होते. तुम्हाला तो वेळ जाणवतही नाही. चोराला मात्र प्रत्येक अंदाजासाठी तेवढे दळावे लागते.

आणखी एक गोष्ट. नव्या पद्धतीत तुम्ही नोंदवहीला ओळख पटवता, तशी नोंदवहीही तुम्हाला आपली ओळख पटवते. हे का हवे, ते पुणेकरांना सांगायला नको. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तेव्हा चोरांनी खोटी कार्डे तर बनवलीच, पण ती खरी आहेत का असे विचारल्यावर 'होय' म्हणणारी यंत्रणाही खोटी उभी केली होती. आपल्याच पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळात जुनी मोडी पत्रे जपली आहेत. अशा राजपत्रांवर वर शिक्का आणि मजकूर संपला तिथे मोर्तब असे. दोन्ही टोके बांधलेली असली की पत्र पक्के.

तर मावशी, जुन्या पिठातून नवे पीठ होत नाही. त्यासाठी मूळ दाणे लागतात, आणि ते फक्त तुमच्याकडे आहेत. म्हणून प्रत्येकाला पासवर्ड नव्याने द्यावा लागला.

बदल करताना मी एकदा घाई केली. सगळ्यांचे पासवर्ड बदलून होण्याआधीच जुने दार बंद केले. वसतिगृहातील जुन्या लॅपटॉपवरचा प्रोग्राम नव्या पद्धतीची भाषाच जाणत नव्हता. दोन दिवस ताईंनी हजेरी वहीत लिहिली आणि माझे कान उपटले. मग जुने दार पुन्हा उघडून क्रमाने काम केले : आधी सर्व संगणकांवरील प्रोग्राम नवे केले, मग नोंदवहीला नव्या पद्धतीने दळायला सांगितले, मग प्रत्येकाला स्वतःचा वेगळा पासवर्ड करायला लावला. यादीत एकही जुने पीठ उरले नाही हे पाहूनच जुने दार कायमचे बंद केले. काम सोडून गेलेल्यांची नावे काढली. तपासणीचे निकाल आता फक्त आरोग्याचे काम पाहणाऱ्या दोघींनाच दिसतात. मलाही रोजच्या कामात दिसत नाहीत.

आपल्याला विनंती एवढीच : पासवर्ड लांब ठेवा, चारपाच साध्या शब्दांचा चालेल. तो कुणाला सांगू नका, घरच्यांनाही नाही. कार्यालयातून बोलतोय म्हणून कुणी फोनवर पासवर्ड विचारला, तर तो माणूस आमचा नाही असे समजा. आणि आपण सेवेतून निवृत्त होत असाल, तर आवर्जून कळवा. आम्ही आभार मानू आणि आपले नाव यादीतून काढू.

पुढच्या शिबिरात ती आई पुन्हा भेटली. या वेळी मी तिला त्या दोन ताईंकडे नेले आणि म्हणालो, "तुमच्या मुलीचा कागद या दोघी बघणार." तिने दोघींची नावे विचारली, आणि मग कागद दिला.