बिजलीला घर हवे आहे

महाभारत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुरुक्षेत्र उभे राहते, गीता आठवते, शरशय्येवरील भीष्म आठवतात. परंतु त्या महाग्रंथाच्या आदिपर्वात, कौरव-पांडवांचे कथानक सुरू होण्याच्याही आधी, मार खाल्लेल्या एका कुत्र्याच्या पिलाची कथा येते, ही गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. जनमेजय राजाचे यज्ञसत्र चालले असता देवशुनी सरमा हिचे पिलू हिंडत हिंडत तेथे आले. राजाच्या भावांनी त्याला बडवून काढले. आपण हविर्द्रव्याला तोंड लावले नाही की त्याकडे पाहिलेही नाही, असे पिलाने रडत रडत आईला सांगितले. सरमेने यज्ञमंडपात येऊन जाब विचारला. कुणी उत्तर दिले नाही. तेव्हा, निरपराध्याला मारणाऱ्या तुम्हांवर न दिसणारे भय कोसळेल, असा शाप देऊन ती निघून गेली. आणि याच ग्रंथाच्या अखेरीस धर्मराज, सोबत चालत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्याचे नाकारतो.

आपल्या देवघरातील दत्तगुरूंच्या तसबिरीत चार श्वान असतात. खंडोबासोबत कुत्रा असतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण मुलांना हौसेने सांगतो. एवढे असूनही दारात आलेल्या पिलाला उद्देशून आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘हाड!’ हाच. या दोन टोकांच्या मधल्या जागेत सध्या एक पिलू राहत आहे. त्याची ही हकीकत.

इंदूरच्या रामबागेत, मराठी मंडळींच्या जुन्या वस्तीत, एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी गेले सात आठवडे बिजली नावाची पाहुणी आहे. वस्तीत त्यांना सर्वजण काकू म्हणतात. आपणही तसेच म्हणू. पौषातल्या कडाक्याच्या थंडीत रस्त्याकडेच्या नालीत तीन पिले कुडकुडत होती. त्यांची आई जवळच वाहनाखाली सापडून गेली होती. पिले जेमतेम पाच आठवड्यांची. प्राण्यांसाठी धडपडणाऱ्या काही तरुणांनी ती उचलली आणि कायमचे घर मिळेपर्यंत कुणी सांभाळील काय, अशी विचारणा करीत ती मुले काकूंच्या दारी आली. अशा तात्पुरत्या घराला ही मंडळी ‘फॉस्टर होम’ म्हणतात. आपल्याला त्यासाठी निराळा शब्द शोधण्याचे कारण नाही. यशोदेचे घर म्हटले की पुरे. वाढवायचे, लळा लावायचा, आणि वेळ आली की मथुरेला पाठवायचे.

तिघांपैकी दोघांना नऊ आठवड्यांचे होताच घरे मिळाली. ते दोघेही नर. बिजली मादी आहे, अंगाने विटकरी, एक कान उभा आणि एक पडलेला, ती राहिली.

नाव तिने स्वतःच्या गुणांनी मिळवले आहे. घरात चपलांचे सहा जोड असतील तर ती सहा डाव्या चपला जमवते. कामाला येणाऱ्या बाईंच्या केरसुणीशी तिचे रोज सकाळी युद्ध होते. गेल्या वर्षीच्या पंचांगाचे चैत्र ते आषाढ हे महिने तिने खाऊन टाकले आहेत. आणि एवढा पराक्रम करून ती अचानक, जणू कुणी दिवा मालवावा तशी, पायपुसण्यावर आडवी होते आणि दोन तास हलत नाही.

या खोड्यांना शास्त्रीय कारणे आहेत, आणि ती ठाऊक नसल्यामुळेच कित्येक पिले घरातून परत रस्त्यावर जातात. पिलाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात; साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात. पिलू चावते ते वैराने नव्हे. त्याच्या तोंडी चपलेऐवजी गाठी मारलेले जाड फडके द्यावे. लहान पिलू दिवसातले अठरा तास झोपू शकते, म्हणून मुलांनी त्याला झोपेतून उठवून खेळवू नये. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लघवी होणारच. त्या तीन वेळा ओळखून त्याला ठराविक जागी नेले, की घर स्वच्छ राहते. घाण केली म्हणून नाक घासणे वा मारणे व्यर्थ आहे. त्यातून ते शिकते एवढेच, की माणसाच्या देखत लघवी करू नये.

काकूंच्या घरात बिजलीची खरी शिक्षिका मात्र काकू नव्हेत, त्यांच्या सासूबाई आहेत. वय ऐंशीच्या पुढे, सोवळ्याओवळ्याची सवय जुनी. “ठेवायची तर ठेवा, पण देवघराच्या उंबरठ्याच्या आत तिचा पाय पडता कामा नये,” असे आजींनी पहिल्याच दिवशी सांगितले. बाकी सर्वांचे नियम दिवसागणिक बदलले. नातवाने तिला पलंगावर घेतले, काकांनी ताटातला घास दिला. आजींनी एकदाही सवलत दिली नाही. उंबरठ्याशी आली की तोच शब्द, तोच स्वर, आणि मागे सरली की लगेच शाबासकी. आज बिजली आरती संपेपर्यंत उंबरठ्याबाहेर पंजांवर हनुवटी टेकून पडून राहते. कुत्र्याला कठोरपणा शिकवीत नाही, सातत्य शिकवते. हे आजींना कुणी पुस्तकातून सांगितले नव्हते.

तात्पुरत्या घराचे महत्त्व निव्वळ पोट भरण्यात नाही. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी पिलांचा दीर्घ अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या स्वभावाची घडण करतो, असे त्यांच्या कामातून पुढे आले. या काळात ज्याने माणसे, मुले, आवाज पाहिले-ऐकले नाहीत, ते पिलू पुढे भित्रे होते. आणि भित्रे कुत्रेच पुष्कळदा चावते. अडचण अशी, की नेमक्या याच काळात लसी पूर्ण झालेल्या नसतात आणि रस्त्यावरच्या मातीतून रोग लागण्याचे भय असते. काकूंनी त्यावर आपली तोड काढली: बिजलीला कापडी झोळीत घालून त्या भाजीबाजारात नेतात. जमिनीला पाय न लागता तिने घंटा ऐकली, स्कूटर पाहिली, शाळेतून सुटणारी मुले पाहिली.

रोगांत सर्वांत क्रूर तो पार्व्हो. १९७८ साली तो जगाच्या निरनिराळ्या भागांत एकदम ओळखला गेला. रक्ताची हगवण आणि उलट्या होऊन लहान पिले दोन-तीन दिवसांत दगावतात. त्यावरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावी लागते. जंतांचे औषध त्याहूनही आधीपासून. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. ती बिजलीला नुकतीच मिळाली आहे. खाण्याचे म्हणाल, तर आपल्याकडची दूधपोळी पिलाला पुरत नाही आणि पुष्कळांना गाईचे दूध पचतही नाही. दहीभात, उकडलेले अंडे किंवा पिलांसाठीचे तयार खाद्य चांगले. चॉकलेट, मनुका, लसूण आणि कांदा त्यांना विषासमान आहेत. इंदूरच्या घरात हे शेवटचे पथ्य कठीण, कारण सकाळच्या पोह्यांवरचा कांदा जमिनीवर सांडतोच.

रेबीजविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. कुत्र्याला भिणाऱ्या शेजाऱ्याला निर्दय ठरवणे योग्य नव्हे. हा रोग एकदा प्रकट झाला की माणूस बहुधा वाचत नाही, आणि माणसांना तो मुख्यतः कुत्र्यांकडूनच होतो. लस न टोचलेल्या लहानग्या पिलाचाही चावा वा ओरखडा क्षुल्लक मानू नये. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तीवर हळद, तिखट, चुना काहीही लावू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन सांगतील त्या सर्व मात्रा पूर्ण कराव्या. पाश्चर यांनी १८८५ साली नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचली, तेव्हापासून हा मृत्यू टाळता येण्यासारखा आहे. लस टोचलेले, माणसाळलेले आणि घरात बांधलेले कुत्रे ही शेजाऱ्याचीही सुरक्षितता होय.

आता बिजलीच्या स्थळांविषयी. काकू हा शब्द हसत वापरतात, पण चौकशी खरोखरच स्थळ पाहावे तशी करतात. घर स्वतःचे की भाड्याचे? भाड्याचे असल्यास मालकाची संमती आहे का? घरातील सर्वांना हवे आहे, की केवळ मुलाच्या वाढदिवसाचा हट्ट आहे? उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाल तेव्हा कोण पाहील? बदली झाली तर? देशी कुत्रे बारा-चौदा वर्षे सहज जगते. आज पाचवीत असलेला मुलगा शिकून नोकरीला लागेल तोवर ते दारात असेल.

एका कुटुंबाने तिला नेले आणि चौथ्या दिवशी परत आणून सोडले. रात्रभर रडते, अशी तक्रार होती. जन्मल्यापासून ज्याने एकटी रात्र काढली नाही ते जीव रडणारच. पहिले काही दिवस त्याची टोपली माणसांच्या खाटेजवळ ठेवली की आठवड्याभरात ते स्थिरावते. परत आल्यावर बिजली दोन दिवस खेळली नाही. दार वाजले की ती पलंगाखाली जाई. “मुलगी सासरहून परत आली तर निदान विचारता तरी येते, काय झालं म्हणून,” काकू म्हणाल्या, “हिला काय विचारू?”

दुसरे जे लोक आले त्यांनी पिलू मादी आहे हे पाहताच हात आखडता घेतला. ही भीती पिल्ले होण्याची. पहिला माज साधारण सहा महिन्यांनंतर येतो आणि गर्भधारणेपासून सुमारे त्रेसष्ट दिवसांत पिले होतात, हे खरे. पण त्यावर नसबंदीची शस्त्रक्रिया हा साधा उपाय आहे. पशुवैद्य वेळ सांगतात, आणि टाके भरले की प्रश्न कायमचा मिटतो. मादी नको म्हणून रस्त्यावर राहिलेल्या माद्यांनाच पुढे पिले होतात, हा विचार कुणी करीत नाही.

त्या पिलांचे काय होते? कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेच्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधील रस्त्यावरच्या ३६४ पिलांची नोंद ठेवली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रजननाच्या वयापर्यंत जगलेली पिले शेकडा १९ होती, आणि मृत्यूंपैकी शेकडा ६३ मृत्यूंना माणूस या ना त्या प्रकारे कारण होता. २०१९ च्या पशुगणनेत देशातील मोकाट कुत्र्यांची संख्या सुमारे एक कोटी त्रेपन्न लाख भरली. त्यांची नसबंदी व लसीकरण करणे हे २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थांचे कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी, दिल्लीसंबंधीच्या आपल्या आधीच्या आदेशात बदल करताना, इच्छुकांनी महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घ्यावे असे म्हटले. मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. पाळलेले जनावर सोडून देणे १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हाच आहे; पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. एवढ्या दंडाचा कुणाला धाक वाटावा? तेथे कायद्यापेक्षा घरातील वडीलधाऱ्यांचा शब्दच उपयोगी पडतो.

वाचकहो, प्रत्येकाने कुत्रे पाळावे असे येथे सुचवायचे नाही. ज्या घरी दिवसभर कुलूप असते, ज्यांना दरमहा खाद्याचा व औषधाचा खर्च जड आहे, त्यांनी मोहात पडू नये. नेऊन परत आणण्यापेक्षा न नेणे दयेचे. पण आपल्यातील कित्येकांच्या घरी निवृत्त माणसे आहेत, अंगण वा गच्ची आहे, आणि मुले परगावी गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या खोल्या आहेत. अशा घरांना सहा-आठ आठवडे एखादे पिलू सांभाळणे अशक्य नाही. एका पिलाला घर मिळाले की नालीतल्या दुसऱ्यासाठी टोपली रिकामी होते. “मग हिला तुम्हीच का ठेवत नाही?” या प्रश्नाला काकूंचे उत्तर हेच असते. हे उत्तर देताना त्या बिजलीकडे पाहत नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

आता रंगपंचमी जवळ आली आहे. राजवाड्यावर गेर निघेल, ढोल आणि गुलालाने शहर भरून जाईल; त्या दिवशी बिजलीला आतल्या खोलीत ठेवायचे ठरले आहे. तिचा अखेरचा डोस त्यानंतरच्या आठवड्यात आहे. वयाचा तो कोवळा काळ सरत चालला आहे, पाय लांबले आहेत, आणि मोठ्या दिसणाऱ्या पिलाला विचारणारे लोक कमी होतात, हे काकूंना ठाऊक आहे. तरी त्यांनी एका पिशवीत तिची वाटी, पट्टा, गाठी मारलेले फडके आणि लसींचे कार्ड भरून दाराशेजारच्या खुंटीला टांगून ठेवले आहे. योग्य घर आले, की तिला त्याच दिवशी पाठवता यावे म्हणून.