कुंकवाच्या गावातलं कपाळ

केम म्हणजे कुंकू. करमाळा तालुक्यातलं आमचं गाव, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं. हळदीला चुन्याची निवळी लागली की ती लाल होते. ही जादू लहानपणी चुलतीनं ताटलीत दाखवली. ती कुंकवाच्या कारखान्यात पुड्या भरायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा नखं, पदर, भुवयासुद्धा लाल. आधी रांजणापाशी तोंड धुवायची, कपाळ दोनदा खसाखसा चोळायची. चुलते गेले होते ना! उडून बसलेलं कुंकूही लोकांना खपत नसे. पोट मात्र त्याच कुंकवावर. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. चुलतीला वाचून दाखवला. म्हणाली, "लई उशीर केला रं."