हरवलेलं इतिवृत्त पुन्हा उभं करताना

इंदापूर तालुक्यातल्या शेळगावसारख्या गावात एखाद्या नोंदणीकृत मंडळाचं प्रोसिडिंग बुक गहाळ झालं, तर पहिली धाव पुण्याच्या धर्मादाय कार्यालयात घ्यावी. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 नुसार विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. त्याला सहसा सभेच्या ठरावाची प्रत जोडलेली असते. तिची प्रमाणित नक्कल मागावी. खात्यावरच्या सह्यांचा ठराव बँकेत सापडतो, सभेच्या तारखा जुन्या अजेंड्यावर. उरलेलं सभासदांच्या आठवणीतून लिहावं, पण तसं स्पष्ट नमूद करून. मागच्या तारखा टाकून सह्या गोळा करणं म्हणजे सरळ बनावट दस्तऐवज. तो मोह मंडळाला बुडवतो. नवं लेखन सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावं आणि त्याच दिवसाच्या तारखेनं मंजूर करून घ्यावं.