शाळेच्या वर्तमानपत्रात सामील कसं व्हाल?

शाळेचं भित्तिपत्रक किंवा हस्तलिखित म्हटलं की मुलांना वाटतं, हे सुंदर अक्षर आणि पहिला नंबर असणाऱ्यांचं काम. तसं नाही. तिथे सर्वात आधी लागते ती बातमी, आणि खरी बातमी आणण्याची सवय कोणीही लावून घेऊ शकतं.

आपल्या समाजातील मुलांना ही सवय लागणं फार गरजेचं आहे. आपल्या मोहल्ल्याविषयी बरेचदा बाहेरचेच लिहितात, आणि मोबाईलवर आलेला मेसेज आपणही न तपासता पुढे ढकलतो. बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी लोकांचं नुकसान होईल, अशी ताकीद सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत दिलेली आहे. पत्रकारितेचा पहिला धडाही हाच आहे.

मौलाना अबुल कलाम आझाद यांनी 1903 मध्ये कोलकात्यातून 'लिसानुस्सिद्क' हे मासिक काढलं, तेव्हा त्यांचं वय जेमतेम 15 होतं. नावाचा अर्थ 'सत्याची वाणी'. म्हणजे आजच्या दहावीतल्या मुलाएवढेच!

सुरुवात कुठून करायची?

जूनमध्ये शाळा सुरू झाली की भाषेच्या शिक्षकांना भेटा. बहुतेक शाळांत भित्तिपत्रकाची जबाबदारी त्यांच्याकडेच असते. नुसतं "मला घ्या" म्हणू नका, दहा ओळींची एक बातमी लिहून सोबत न्या. विषय जवळचा निवडा. उदाहरणार्थ, पाण्याच्या टाकीचा नळ किती दिवसांपासून बंद आहे? काय, कुठे, कधी, कोण, का आणि कसं, या सहा प्रश्नांची उत्तरं त्यात आली पाहिजेत. निदान दोघांना विचारा. तक्रार असेल तर मुख्याध्यापकांचं म्हणणंही घ्या. ऐकीव गोष्ट छापायची नाही, आणि कोणाचा फोटो किंवा खासगी माहिती परवानगीशिवाय वापरायची नाही.

लिहिणं जमत नसेल तरी जागा आहे. कोणी चित्र काढतं, कोणी शुद्धलेखन तपासतं, कोणी मुलाखतीचे प्रश्न तयार करतं. उर्दू माध्यमातल्या मुलांनी मराठीला घाबरू नये. एक पान उर्दू, एक पान मराठी असं भित्तिपत्रक काढता येतं, आणि त्यातून मराठीही सुधारते.

पालकांना एक विनंती. मुलगी वार्ताहर झाली तर तिला बाहेर हिंडावं लागेल, अशी काळजी करू नका. हे काम शाळेच्या आवारात, शाळेच्या वेळेत होतं. "अभ्यास बुडेल" असंही म्हणू नका. निबंध आणि बातमीलेखन तर परीक्षेतही उपयोगी पडतं.

शाळेत वर्तमानपत्रच नसेल तर?

चार-पाच जण मिळून मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या. एक कार्डशीट, स्केचपेन आणि भिंतीवर थोडी जागा, एवढ्यावर पहिला अंक निघतो. दर पंधरा दिवसांनी काढायचं ठरवा आणि ती तारीख पाळा. 11 नोव्हेंबरला मौलाना आझाद जयंती, म्हणजेच राष्ट्रीय शिक्षण दिवस असतो, आणि 6 जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन. विशेष अंकासाठी हे दोन्ही दिवस चांगले आहेत.

अंकात चूक झालीच तर पुढच्या अंकात ती सुधारून ठळक छापा. लोकांचा भरवसा त्यानेच वाढतो. आणि जो मुलगा किंवा मुलगी आज शाळेच्या नळाची बातमी तपासून लिहिते, ती उद्या मोहल्ल्यात अफवा पसरू देणार नाही.