रानटर्कीची शिकार: वसंतातली आणि पानगळीतली

अमेरिकेत रानटर्कीच्या शिकारीचे दोन हंगाम असतात. एक वसंतात, साधारण एप्रिल-मेमध्ये (दक्षिणेकडे मार्चपासूनच). दुसरा पानगळीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. पक्षी तोच, छऱ्यांची बंदूकही तीच. पण वसंतात शिकारी नराच्या मीलनाच्या ओढीवर विसंबतो, तर पानगळीत थव्याला लागणाऱ्या सोबतीच्या ओढीवर.

वसंतात नर उजाडण्यापूर्वीच झाडावरच्या मुक्कामावरून गडगडत्या आवाजात माद्यांना साद घालतो. शिकारी अंधारातच त्याच्या आसपास पोहोचतो आणि रुंद बुंध्याला पाठ टेकून बसतो. मग मादीचा आवाज काढायचा: खडू घासलेल्या झाकणाची लाकडी पेटी, पाटीच्या दगडावर फिरवायची काडी किंवा टाळूला चिकटवलेला पातळ पडदा वापरून. खरी अडचण इथेच आहे. निसर्गक्रमात मादी नराकडे जाते; शिकाऱ्याला नर मादीकडे यायला हवा असतो. त्यामुळे पिसारा फुलवून, पंखांची टोके जमिनीला घासत आलेला नर पुष्कळदा साठ-सत्तर मीटरवरच थबकतो आणि मादी दिसण्याची वाट पाहतो. छऱ्यांचा भरवशाचा पल्ला पस्तीस-चाळीस मीटरच. अशा वेळी हाका वाढवण्यापेक्षा गप्प राहणे अधिक उपयोगी पडते. कुतूहलाने नर पुढे सरकतो. त्याची नजर अतिशय तीक्ष्ण असते, बोट हलले तरी तो पसार होतो. लाल, पांढरा, निळा हे रंग अंगावर चालत नाहीत, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच आणि दुसऱ्या शिकाऱ्याची फसगत जिवावर बेतू शकते.

पानगळीत नरांची साद क्वचितच ऐकू येते. माद्या त्या वर्षीच्या पिल्लांसह थव्याने हिंडतात, प्रौढ नर वेगळ्या टोळीने. म्हणून आधी माग काढावा लागतो. ओकची फळे शोधताना टर्की पाचोळा मागे उकरून टाकते. उकरलेल्या जागेमागे साचलेल्या पानांवरून थवा कोणत्या दिशेने गेला ते कळते. विष्ठाही बोलकी असते: नराची लांबट, टोकाशी वळलेली, मादीची गुंडाळी झालेली.

थवा सापडला की त्याच्यावर धावून जाऊन तो उधळायचा. पक्षी चहूदिशांना उडाले तरच उपयोग. सगळे एकाच बाजूला गेले तर ते तिकडेच पुन्हा एकत्र होतात. काही राज्यांत या कामासाठी कुत्रे वापरायला परवानगी आहे; थवा उधळून आलेला कुत्रा मालकाशेजारी निपचित पडून राहतो. त्यानंतर शिकारी उधळल्या जागीच दबा धरतो आणि हरवलेल्या पिल्लाची बारीक शीळ घालतो. पिल्ले उत्तर देत परतू लागतात. प्रौढ नरांची टोळी मात्र फुटली तर सावकाश जमते. त्यांच्यासाठी खालच्या पट्टीत, थांबून थांबून हाक द्यावी लागते. कधी दुसऱ्या सकाळीच यश येते.

दोन्ही हंगामांच्या नियमांतही फरक आहे. वसंतात बहुतेक राज्ये छातीवर केसाळ ‘दाढी’ असलेला पक्षी, म्हणजे जवळजवळ नेहमी नरच, मारू देतात. एक नर अनेक माद्यांशी जुगतो. अंडी उबवणे आणि पिल्ले वाढवणे मादीकडेच असल्यामुळे काही नर गेले तरी वीण फारशी घटत नाही. पानगळीत अनेक ठिकाणी मादी मारायचीही मुभा असते, आणि मारलेली प्रत्येक मादी म्हणजे पुढच्या वसंतातले एक संभाव्य घरटे कमी. हा हंगाम म्हणूनच अधिक जपून ठरवावा लागतो. संख्या घसरलेल्या काही भागांत तो आखूड केला आहे, तर कुठे बंदच ठेवला आहे.