मूळ व्यवसाय सांभाळून रेडियम-कटिंगचा जोडधंदा

शेतीस पूरक जोडधंदा म्हटला म्हणजे दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन वा शेळीपालन यांचीच आठवण प्रथम होते. परंतु तालुक्याच्या गावी, बाजाराच्या रस्त्यावर आणि आता मोठ्या खेड्यांतूनही 'रेडियम आर्ट' अशी पाटी लावलेली लहान दुकाने दिसतात. मोटारसायकलीवरील नाव, ट्रॅक्टरच्या बोनेटवरील 'सर्जा-राजा', दुकानाच्या काचेवरील अक्षरे, ट्रॉलीमागील चमकणारी पट्टी ही सर्व कामे तेथे होतात. हे काम करणारा इसम पुष्कळदा दिवसा दुसरेच काही करीत असतो. कोणी वायरमन असतो, कोणी शिंपी, कोणी दूध संकलन केंद्रावर लेखनिक, तर कोणी स्वतःची शेती करणारा. आवड म्हणून घेतलेले यंत्र हळूहळू मिळकतीचे साधन बनते. हा जोडधंदा टिकतो की बुडतो, हे यंत्राच्या किमतीपेक्षा त्या इसमाच्या मूळ व्यवसायावर अधिक अवलंबून असते. ते कसे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

'रेडियम' म्हणजे काय?

प्रथम नावाचा खुलासा करणे इष्ट होय. रेडियम ही धातू मेरी व पिएर क्युरी यांनी १८९८ साली शोधून काढली. आपल्याकडील 'रेडियम'च्या कागदात तिचा अंशही नसतो. साधा रंगीत कागद हा पीव्हीसी नामक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असून त्यास व्हिनाइल म्हणतात. त्याच्या पाठीस चिकट द्रव्य व त्याखाली गुळगुळीत कागद असतो. चमकणाऱ्या पट्टीत काचेचे सूक्ष्म मणी किंवा लहान लोलक बसविलेले असतात. ते दिव्याचा प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेस परत पाठवितात. म्हणजेच अशी पट्टी स्वतः प्रकाश देत नाही. समोरील वाहनाचा दिवा तिच्यावर पडला तरच ती चमकते.

कापण्याच्या यंत्रास कटिंग प्लॉटर म्हणतात. संगणकावर अक्षरे जुळवून दिली की यंत्रातील बारीक पाते व्हिनाइलचा थर कापते, पण खालचा कागद अखंड ठेवते. नंतर नको असलेला भाग चिमट्याने सोलून काढावयाचा, वर ट्रान्सफर टेप चिकटवावयाची आणि अक्षरे उचलून जागेवर बसवावयाची, असा हा क्रम आहे. पात्याचा दाब जास्त झाल्यास खालचा कागदही कापला जातो. कमी पडल्यास अक्षर सुटत नाही. म्हणून प्रत्येक नव्या रोलवर प्रथम लहानसा चौकोन कापून पाहावा.

मूळ व्यवसायाचा उपयोग

शिंप्यास कापड वाया न घालविता बेतण्याची सवय असते. तीच दृष्टी रोलवर अक्षरांची मांडणी करताना कामी येते व माल वाचतो. संगणक वर्ग चालविणाऱ्यास श्रीलिपीसारख्या मराठी संगणक प्रणालीची व अक्षरजुळणीची माहिती असते; त्याच्या कामात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कमी होतात. पाटीवर एकदा चुकीचे नाव चिकटले की सारा माल फुकट जातो, हे ध्यानात घेतल्यास शुद्धलेखनाची किंमत कळून येईल. ट्रॉल्या बांधणाऱ्या वेल्डरकडे गिऱ्हाईक आपणहून येते. त्याने ताज्या ऑइलपेंटवर घाईने पट्टी चिकटवू नये एवढेच. रंग पुरता वाळला नसल्यास पट्टी सुटते.

याउलट, मूळ कामाच्या वेळा या धंद्यास आड येतात हेही खरे. दूध केंद्रावरील लेखनिकास सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा गुंतून राहावे लागते; त्याला दुपारच तेवढी मोकळी सापडते. साखर कारखान्यातील हंगामी कामगारास नोव्हेंबरपासून साधारणतः मार्चपर्यंत उसंत नसते. त्याने ट्रॉल्यांची कामे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच उरकली पाहिजेत. शेतकऱ्याने तर पेरणी व काढणीच्या दिवसांत नवे काम अंगावर घेऊच नये. दसरा व गुढीपाडवा हे वाहनखरेदीचे मुहूर्त होत. त्या वेळी कामाची गर्दी उसळते. ती गर्दी आणि आपल्या मूळ कामाची गर्दी एकाच पंधरवड्यात येते काय, हे यंत्र घेण्यापूर्वीच पाहावे.

नंबर पाटीचा धडा

पुष्कळ दुकानांचा मुख्य आधार वाहनांच्या नंबर पाट्या हा होता. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी विक्रीच्या वेळीच बसवून मिळू लागली. त्यापूर्वीच्या वाहनांनाही ती बसविण्याचे आदेश महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये दिले व २०२५ साली त्याची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली. ही पाटी अधिकृत उत्पादकांखेरीज अन्य कोणास करता येत नाही. ज्यांचे सर्व दुकान नंबर पाटीवरच उभे होते, त्यांच्या पायाखालची जमीन यामुळे सरकली. ज्यांच्या घरी पगार किंवा शेतीचे उत्पन्न येत होते, त्यांना निदान दुसरे काम शोधण्यास अवधी मिळाला. म्हणून एकाच मालावर विसंबू नये आणि पहिल्याच हंगामात चार पैसे सुटले म्हणून नोकरी सोडून देऊ नये.

हिशेबाची रीत

घरच्या घरी काम केल्याने आपले श्रम फुकट समजण्याची चूक सर्रास होते. रीत समजावी म्हणून काही आकडे कल्पून घेऊ. समजा, यंत्र, संगणक व किरकोळ हत्यारे यांस ६०,००० रुपये लागले आणि ती ५ वर्षे टिकतील असे धरले, तर घसारा दरमहा १,००० रुपये होतो. हंगामाच्या महिन्यात ९,००० रुपयांचे काम झाले. त्यात वाया गेलेल्यासह माल ३,६००, घसारा १,००० व वीज-प्रवास ९०० असे ५,५०० रुपये वजा जाता ३,५०० रुपये उरले. रोज २ तासांप्रमाणे २५ दिवस काम केले असल्यास तासाला ७० रुपये पडले.

पावसाळ्यातील महिन्यात काम ४,००० रुपयांचेच झाले. माल १,६००, घसारा १,००० व इतर खर्च ६०० वजा केल्यास हाती ८०० रुपये राहतात. त्यासाठी २५ तास दिले असतील तर तासाला ३२ रुपये. कर्ज काढले असल्यास व्याजही खर्चात धरावे. शिवाय ह्या कामासाठी एक दिवसाची बिनपगारी रजा घेतली आणि ५०० रुपये बुडाले, तर हंगामी महिन्याच्या शिलकेचा सातवा हिस्सा एका दिवसात गेला असे समजावे. असा हिशेब वर्षभर वहीत ठेवला म्हणजे धंदा वाढवावा की आवरता घ्यावा, याचे उत्तर वहीच देते.

नोकरदारांनी घ्यावयाची दक्षता

शासकीय सेवकांस महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. त्यांनुसार पूर्वमंजुरीवाचून खाजगी व्यापार वा धंदा करता येत नाही. जिल्हा परिषदेच्या सेवकांसाठीही वर्तणुकीचे स्वतंत्र नियम आहेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या आवडीच्या कामास धंद्याचे रूप देण्याआधी कार्यालयात लेखी विचारणा करावी. धंदा पत्नीच्या नावे दाखवून स्वतः चालविणे हा मार्ग सरळ नव्हे. खाजगी नोकरीतही नेमणुकीच्या अटी वाचून घ्याव्यात. कामाच्या वेळेत गिऱ्हाइकांचे दूरध्वनी घेतल्याने पगाराची नोकरी धोक्यात येते, ती वेगळीच.

खाजगी वाहनावर 'पोलीस' किंवा 'महाराष्ट्र शासन' अशी अक्षरे लावून मागणारे गिऱ्हाईक आल्यास त्यास नम्रपणे नकार द्यावा. कंपन्यांची बोधचिन्हे कापून विकणे हाही व्यापारचिन्ह कायद्याचा भंग होय.

गावाच्या उपयोगाचे काम

ह्या धंद्यात ज्या कामाने एखाद्याचा जीव वाचेल असे काम म्हणजे ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या व बैलगाड्यांना परावर्तक पट्ट्या लावणे. रात्री रस्त्याच्या कडेस उभी असलेली, दिवा नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्यास अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. समोर पांढरी, बाजूस पिवळी व मागे तांबडी अशी पट्ट्यांची योजना आहे. साध्या तांबड्या व्हिनाइलने हे काम होत नाही. दिवसा दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून फसगत होते. मानकाची खूण छापलेलीच पट्टी घ्यावी. अंधार पडल्यावर विजेरी डोळ्यांजवळ धरून वीस-पंचवीस पावलांवरून पट्टी पाहावी. साधा कागद काळवंडलेला राहील आणि खरी पट्टी उजळून निघेल. उसाचे वाढे खाली लोंबून पट्टी झाकली जाते व चिखलानेही ती निरुपयोगी होते. वाढे जेथे पोहोचणार नाहीत अशी जागा निवडावी आणि पट्टी पुसण्यास गाडीवानास आवर्जून सांगावे.

कीटकनाशकांच्या कपाटावर 'विष' अशी ठळक अक्षरे, तणनाशकासाठी राखून ठेवलेल्या फवारणी पंपावरील खूण, प्रात्यक्षिक प्लॉटच्या पाट्या ही कामेही गावातच मिळतात. तणनाशकाचा पंप चुकून पिकावर वापरला गेल्याने होणारे नुकसान पाहता अशा खुणेचा खर्च नगण्य होय.

शेवटी एक सूचना. सोलून काढलेले तुकडे चुलीत, शेकोटीत वा उकिरड्यावर जाळू नयेत. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ व डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात. लेसर यंत्रावर व्हिनाइल कापणेही ह्याच कारणास्तव वर्ज्य आहे. तुकडे कंपोस्टच्या खड्ड्यातही टाकू नयेत, कारण ते कुजत नाहीत. पोत्यात साठवून सुक्या कचऱ्यात द्यावेत.

मूळ व्यवसायाने घर चालावे आणि जोडधंद्याने त्यास हातभार लागावा, हा क्रम उलटू देऊ नये. ग्रामसेवकांनी व विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या गावात असे काम करणारे तरुण असल्यास गळीत हंगामापूर्वी त्यांची व ट्रॉलीमालकांची गाठ घालून द्यावी. त्यायोगे तरुणांस चार पैसे मिळतील आणि रात्रीचा रस्ताही अधिक निर्धोक होईल.