मैहरचे बाबा

मुंबईहून प्रयाग-काशीला निघालेल्या यात्रेकरूंची गाडी कटनी सोडून सतन्याच्या वाटेला लागली, की मध्ये मैहर नावाचे एक लहानसे स्थानक लागते. गावालगतच्या टेकडीवर शारदामातेचे देऊळ आहे. हजाराहून अधिक पायऱ्या चढून भाविक तेथे जातात. संगीतप्रेमी मंडळींना मात्र हे गाव ठाऊक असते ते उस्ताद अल्लाउद्दीनखाँ यांच्यामुळे. सारे त्यांना ‘बाबा’ म्हणत.

बाबा मूळचे पूर्व बंगालचे. गाण्याच्या ओढीने बालपणीच त्यांनी घर सोडले. घरच्यांनी शोधून आणून लग्न लावून दिले, तरी पुन्हा पळाले. कलकत्त्यात नाना वाद्ये आत्मसात करून ते रामपूरच्या वजीरखाँ बीनकारांच्या दाराशी जाऊन बसले. तानसेनाचा वारसा सांगणारे ते गुरू सहजी प्रसन्न होणारे नव्हते. पुष्कळ वर्षे खस्ता खाल्ल्यावर विद्या मिळाली. पुढे मैहरचे महाराज ब्रिजनाथसिंह यांनी त्यांना पदरी ठेवले आणि हा भटका जीव तेथे कायमचा स्थिरावला.

१९१८ च्या साथीत अनाथ झालेली गावातील मुले गोळा करून बाबांनी त्यांचा वाद्यवृंद उभा केला. बंदुकांच्या नळ्या कापून त्यांचे ‘नलतरंग’ नावाचे वाद्य केले. बंदुकीचा याहून चांगला उपयोग आमच्या तरी ऐकिवात नाही!

पाच वेळा नमाज पढणारा हा निष्ठावंत मुसलमान शारदामातेचाही तितकाच निस्सीम भक्त होता. याचे नवल आपल्याला वाटते. त्यांना वाटत नसे. स्वर हीच इबादत आणि स्वर हीच पूजा, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे बेसूर त्यांना पापासारखा वाटे, आणि शिकवताना ते अत्यंत कठोर होत. पुत्र अलीअकबर यांना त्यांनी झाडाला बांधून ठेवल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. तिचे कौतुक करावे असे मला वाटत नाही. परंतु याच बापाने एका रागाला आपल्या पत्नीचे, मदनमंजरीचे, नाव दिले, हेही विसरता येत नाही.

संगीत आणि संसार यांचा खरा पेच पडला तो मुलींच्या बाबतीत. थोरली जहाँआरा बापाकडे शिकून सासरी गेली. तिचे गाणे सासरी रुचले नाही. सासूने तिचा तंबोरा जाळला, असे सांगतात. ती अकाली वारली. त्या आघाताने बाबांनी ठरविले, की धाकट्या मुलीला संगीत शिकवायचे नाही. पुढे एके दिवशी बाबा बाहेरून येत असता आतले बोलणे त्यांच्या कानी पडले. अलीअकबर रियाज करीत होते आणि धाकटी बहीण त्यांची चूक सुधारून योग्य स्वरावली गाऊन दाखवीत होती. केवळ ऐकून तिने सारे उचलले होते. बाबांनी तिला आत नेले व हाती तंबोरा दिला. जी विद्या एका लेकीच्या दुःखाला कारण झाली, तीच दुसरीला देताना त्या पित्याचे मन किती कातरले असेल!

हीच अन्नपूर्णा. १९२७ मध्ये ती जन्मली तेव्हा हे नाव महाराजांनी ठेवले होते. घरचे नाव रोशनआरा. आधी सतार आणि मग सूरबहार हे गंभीर, विलंबित आलापाचे वाद्य बाबांनी तिला शिकविले. १९४१ मध्ये बाबांचेच शिष्य रविशंकर यांच्याशी तिचा विवाह झाला. तो टिकला नाही. अन्नपूर्णादेवींनी मैफली सोडल्या. मुंबईत त्यांनी दार जवळजवळ बंद करून घेतले, ते केवळ शिष्यांसाठी उघडे ठेवले.

बाबा १९७२ मध्ये मैहरलाच निवर्तले. अन्नपूर्णादेवी २०१८ मध्ये मुंबईत. बाबा सरोद डाव्या हाताने वाजवीत. हरिप्रसाद चौरसिया अन्नपूर्णादेवींकडे शिकावयास आले तेव्हा ते नावारूपास आलेले बासरीवादक होते. पण आपण पहिल्यापासून शिकण्यास सिद्ध आहोत हे पटविण्यासाठी त्यांनी उजव्या बाजूची बासरी डावीकडे घेतली. ती पुढेही डावीकडेच राहिली.